आखीवरावांचं तळं

आखीवराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. जमीन-संवर्धन कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला चिकटलेल्या खोलीत, ते सव्वीस वर्षं नकाशे आखत बसले होते आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी बाळगून होते. कुणीतरी गमतीने आखीवराव म्हटलं, आणि ते असं चिकटलं की पगाराचा कागद सोडला तर खरं नाव कुठे उरलंच नाही. घरी बायको रागावली की तीही तेच वापरी. "आखीवराव, बाजारात जाताय, की पिशवीला आधी नकाशा जोडू?"

शेतकऱ्याने आपली शेती चालवत असतानाच रानातल्या जिवांसाठी जागा कशी राखावी, याचे आराखडे करणं हे त्यांचं काम. टेबलावर नऊ रंगांच्या पेन्सिली टोकं काढून ओळीने ठेवलेल्या असत. गवताला पोपटी, झाडांना गडद हिरवा, पाण्याला निळा. प्राण्यांच्या येण्याजाण्याचा मार्ग पिवळा, दहा मीटर रुंद, आणि त्याला दोन्ही टोकांना बाण, म्हणजे गेलेला प्राणी परत यायला चुकू नये. असे तीनशे बारा आराखडे त्यांच्या हातून झाले होते. त्या सव्वीस वर्षांत त्यांनी जवळून पाहिलेले वन्यजीव दोन. एक खिडकीतलं कबूतर आणि दुसरा दप्तरखोलीतला उंदीर. उंदराने चाळीस ते एकसष्ट क्रमांकाचे आराखडे कुरतडून त्यांत पिल्लं घातली. खात्याच्या आराखड्यांतून एखाद्या जिवाला प्रत्यक्ष घर मिळाल्याची तेवढी एकच नोंद सांगता आली असती, पण ती नुकसानीच्या रजिस्टरात गेली.

लोक म्हणतात, हे ऑफिसवाले उंटावरून शेळ्या हाकतात. आखीवरावांच्या वाट्याला उंटसुद्धा आला नव्हता. ते खुर्चीवरूनच हाकत. पण मन लावून हाकत, हेही खरं. रेघ वाकडी गेली तर त्यांना जेवण जात नसे.

एके दिवशी मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावलं. साहेबांच्या खोलीत एक प्लॅस्टिकचं झाड होतं, त्यावरची धूळ शिपाई दर सोमवारी पुसत असे.

"संचालकबाई येतायत, दोन महिन्यांनी," साहेब म्हणाले. "त्यांना एक आदर्श शेत दाखवायचंय. नदीच्या वळणावरचा तो दुधाचा मळा घ्या. तिथे प्राणी-पक्षी बरेच आहेत म्हणतात."

"म्हणजे संवर्धन झालेलंच आहे, साहेब?"

"झालेलं कसं असेल? आराखडा कुठे आहे?" साहेबांनी फाईल पुढे सरकवली. "आणि नवा नियम आलाय. आखणाऱ्याने जागेवर जाऊन सही करायची."

आखीवरावांनी घरी जाऊन बुटांना पॉलिश केलं.

मळा चाळीस गाईंचा होता. तो चालवणाऱ्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. नवरा गेल्यापासून सगळा कारभार त्या आणि त्यांचे धाकटे दीर असा दोघांवर होता. दीर ट्रॅक्टर चालवत आणि बोलणं टाळत. दिवसाला सात-आठ वाक्यं, त्यातली निम्मी गाईंशी.

आखीवरावांनी गोठ्याच्या दारात उभं राहून नमुना क्रमांक सात उघडला.

"घुबडं आहेत?"

"आहेत की. गवताच्या माळ्यावर."

"किती?"

"मोजली नाहीत. उंदीर फार दिसत नाहीत, म्हणजे पुरेशी असावीत."

"त्यांच्या निवासस्थानाचं व्यवस्थापन कोण पाहतं?"

"घुबडच पाहत असेल, साहेब. आम्ही वर जात नाही. ते ओरडतं."

मग बाईंनी त्यांना सगळा मळा फिरवून दाखवला. खालच्या अंगाला एक ओला कोपरा होता. घरात त्याला बुडीत कोपरा म्हणत. सासऱ्यांच्या काळात तिथे ट्रॅक्टर बसला होता, तो बाहेर काढायला दोन दिवस लागले, आणि तेव्हापासून कुणी तिकडे नांगर फिरवला नव्हता. आता तिथे लव्हाळं होतं, बेडूक होते, काठाच्या फांदीवर खंड्या बसलेला होता. त्याला लागून एक काटवन, माणसाच्या दुप्पट उंच. त्यात ससे होते, साळिंदर होतं, आणि बाईंच्या सांगण्याप्रमाणे एक कोल्हीणही होती, जिचा आणि बाईंच्या कोंबड्यांचा काहीतरी जुना तह होता.

"इथे राखीव क्षेत्र ठेवण्यामागचा उद्देश?" आखीवरावांनी रकाना वाचला.

"ट्रॅक्टर रुतू नये."

परत येताना दीर शेतात नांगरत होते. मध्येच ट्रॅक्टर थांबला, ते उतरले, जमिनीकडे पाहिलं, परत चढले आणि तेवढ्या जागेला वळसा घालून पुढे गेले.

"काय झालं?"

"टिटवीची अंडी असतील," बाई म्हणाल्या.

आखीवराव शेतात गेले. ढेकळांत ढेकळांसारखीच चार अंडी होती. ती दिसायलाच त्यांना पाच मिनिटं लागली.

"ही जागा तुम्ही कशी नोंदवता?" त्यांनी दिरांना विचारलं.

"लक्षात ठेवतो," दीर म्हणाले आणि गियर टाकला.

नमुना सातमध्ये लक्षात ठेवण्याचा रकाना नव्हता. नवीन करणे, बांधणे, सुधारणे आणि काढून टाकणे, असे चारच रकाने होते. आखीवरावांनी रात्रीचं जेवण उरकून दोन तास विचार केला, आणि मग सव्वीस वर्षांच्या सवयीने पेन्सिल उचलली.

पंधरा दिवसांनी आराखडा घेऊन ते पुन्हा मळ्यावर गेले. बाईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा उलगडून, चारी कोपऱ्यांवर चार कप ठेवून वाचला.

"म्हणजे काटवन काढायचं."

"हो. पूर्वतयारी म्हणून."

"आणि काटवनात राहणाऱ्यांसाठी जागा करायची."

"बरोबर."

"ती कुठे?"

आखीवरावांनी पट्टीने दाखवलं. "इथे. काटवन काढून मोकळी झालेली जागा."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग माळ्याची भोकं बुजवून बाहेर खांबांवर सहा पेट्या लावायच्या, हे वाचलं. "घुबडाला तसं पत्र गेलंय का?"

"तशी पद्धत नाही, बाई."

बाईंनी खरं तर तिथेच नकाशाची गुंडाळी करून त्यांच्या हातात दिली असती. पण दुधाच्या टँकरच्या वाटेवरची मोरी गेली तीन वर्षं खचलेली होती, आणि आदर्श मळा झाला तर ती दुरुस्त करून मिळेल असं साहेबांनी कळवलं होतं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. बाईंना अक्कल होती, पण टँकर रोज अडकत होता. त्यांनी घासाघीस केली. माळ्याला हात लावायचा नाही. काटवन तीनात एक हिस्सा काढा, त्याहून फांदी जास्त नाही. आणि नकाशात दाखवलेलं तळं खोदायचंच तर बुडीत कोपऱ्याच्या कडेला खोदा.

ठेकेदार यंत्र घेऊन आला आणि चार दिवसांत तळं झालं. वीस मीटर लांब, बारा मीटर रुंद, दोन मीटर खोल, चारी कोपरे काटकोनात, आतून गुळगुळीत सिमेंट. सिमेंट यासाठी की पाणी झिरपणं हा नियमभंग होता. शेजारी निळा फलक लागला, "निसर्ग पुढे आहे", आणि खाली बाण. आखीवरावांनी आपली रेघ पहिल्यांदाच जमिनीवर उमटलेली पाहिली. त्यांना अगदी भरून आलं. त्यांनी तळ्याचे कर्ण मोजले, दोन्ही सारखे भरले.

आठवड्याने ते प्रजातींची मोजदाद करायला एकटेच आले. दुपार होती. बाई आणि दीर पलीकडच्या कुरणात तारेचं कुंपण ओढत होते. आखीवराव तळ्याकाठी गेले तर आत हालचाल दिसली. बेडूक होते, बरेच होते. त्यांना आनंद झाला. कडेला फळीवर काहीतरी राखाडी बसलेलं होतं. ते नीट पाहायला, आणि जमलंच तर पाण्याची पातळी पट्टीने मोजायला, ते वाकले. पॉलिश केलेला बूट सिमेंटच्या ओल्या कडेवरून सुटला, आणि आराखडाकार आपल्या आराखड्यात पडले.

पाणी छातीपर्यंत आलं. बुडण्याची भीती नव्हती. आखीवराव दोनदा खोकले, चष्मा सापडला, पट्टी गेली. मग त्यांनी कडेला हात घातला. बोटं जेमतेम काठाला लागत होती, पण पाय टेकवायला भिंतीत खाच नव्हती, उतार नव्हता, काही नव्हतं. काम फार सफाईदार झालं होतं. ते वर सरकले, खाली घसरले. शेजारी एक बेडूक तेच करत होता. तो बऱ्याच दिवसांपासून करत असावा, कारण आता तो अधूनमधूनच उडी मारत होता आणि बाकी वेळ नुसता भिंतीला टेकून होता. ठेकेदाराच्या लोकांनी विसरलेल्या फळीवर जे राखाडी होतं, तो ससा निघाला. पुरता भिजलेला, कान मागे टाकलेला. पलीकडच्या कोपऱ्यात दुसरा एक ससा होता. तो पाण्यावर तरंगत होता, आणि हलत नव्हता.

आखीवरावांनी हाका मारल्या. त्या ऐकून गाई आल्या. तीन-चार जणी कुंपणापाशी उभ्या राहून, रवंथ करत, आत काय चाललंय ते पाहू लागल्या. असा तास गेला, दोन गेले. माणूस पाण्यात उभा असला की विचाराखेरीज काही करता येत नाही. नकाशात तळं वरून दिसतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. वरून पाहणाऱ्याला बाहेर यायचंच नसतं, म्हणून काठ कसाही असला तरी चालतो. तीनशे बारा आराखड्यांतली तळी त्यांनी मनातल्या मनात मोजायला घेतली. साठच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडून दिलं.

ऊन उतरल्यावर बाई आल्या. काठावर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आधी आखीवरावांकडे पाहिलं, मग सशाकडे.

"तळ्यात की मळ्यात?" त्यांनी विचारलं.

"मळ्यात," आखीवराव म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "तीन तास झाले, मळ्यातच म्हणतोय."

दीर शिडी घेऊन आले. आखीवराव शिडीवर चढले नाहीत. त्यांनी आधी शर्ट काढला, त्यात ससा गुंडाळला आणि वर दिला. सशाने उपकाराची फेड म्हणून मनगटाला चांगला कडकडून चावा घेतला. मग त्यांनी फळी तिरपी करून भिंतीला टेकवली. पहिला बेडूक तिच्यावर चढून काठापर्यंत पोचला, तसे ते स्वतः वर आले.

स्वयंपाकघरात दिरांची पँट घालून, ती एका हाताने धरून, आखीवराव चहा प्यायले. बाईंनी मनगटाला पट्टी बांधली. ही दुसरी पट्टी, असं मनात येऊन त्यांना हसू आलं, आणि मग हसू गेलं.

"तो दुसरा ससा माझ्यामुळे मेला," ते म्हणाले.

बाईंनी पट्टीची गाठ घट्ट केली. उगाच समजूत घालण्याची त्यांना सवय नव्हती.

"ताई, खरं सांगा. त्या कोपऱ्याचं काय करावं?"

"काही करू नये."

"काही म्हणजे काहीच नाही?"

"काही न करणं म्हणजे झोपा काढणं नव्हे, भाऊ." बाईंनी खुर्ची ओढली. साहेबाचे भाऊ झाले होते, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. "चर साफ करायचा तो एका वर्षी एकाच बाजूने. दुसऱ्या बाजूचे जीव तसेच राहतात, ते पुढच्या वर्षी इकडे येतात. गवत कापताना मधून सुरुवात करून बाहेर बाहेर यायचं, म्हणजे पिल्लांना पळायला जागा राहते. बाहेरून आत गेलात तर ती मधोमध कोंडतात. कुंपणाची झुडपं छाटायची ती पाखरांनी फळं खाऊन झाल्यावर. माळ्याचं दार लावायचं नाही. एवढंच. बाकी आपण आपल्या गाई बघायच्या."

आखीवरावांनी हे सगळं ओल्या कागदावर लिहून घेतलं. घरी आल्यावर त्यांनी नवा आराखडा केला. तो एक पानी होता. त्यात तळ्याच्या भिंती फोडून उतार करावा, काटवन वाढू द्यावं, आणि बाकी मळा चालतो तसा चालू द्यावा, इतकंच होतं.

साहेबांनी ते पान उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं.

"यात काम कुठे आहे?"

"काम मळ्यावर चालूच आहे, साहेब."

"मग आपण काय केलं? आणि संचालकबाईंनी उद्घाटन कशाचं करायचं, काट्यांचं?" साहेबांनी पानावर "खुलासा करावा" असा शेरा मारला आणि ते परत केलं.

आखीवरावांनी संध्याकाळी ते पान घरी आणून बायकोपुढे ठेवलं. बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कामाला होती. दिवसभर माणसांचे कागद वाचून तिला कागदांची नाडी कळत असे. तिने एक पान वाचलं, साहेबांचा शेरा वाचला.

"चूक तुमचीच आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे डॉक्टर पेशंटला नुसतं 'पडून राहा' असं लिहून देतात का? तसं लिहिलं तर पेशंट दुसऱ्या दिवशी उठून गच्ची धुवायला जातो. डॉक्टर लिहितात, सक्तीची विश्रांती. वर शिक्का मारतात. मग घरचे त्याला पाणीसुद्धा उठून घेऊ देत नाहीत."

आखीवरावांनी बायकोकडे असं पाहिलं, जसं लग्न ठरताना पाहायला हवं होतं.

त्यांनी तीन दिवस रजा काढली. चौथ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर चौसष्ट पानांची फाईल पडली. शीर्षक होतं, "कृषी-भूभागास सक्तीची विश्रांती: त्रिस्तरीय कार्यक्रम". पहिला टप्पा, नियोजित स्थगन. दुसरा टप्पा, स्थगनाचं सातत्य. तिसरा टप्पा, सातत्याचं दृढीकरण. भिंती फोडण्याला "जलकाठ उतारीकरण" असं म्हटलं होतं. दार उघडं ठेवण्याला दोन परिशिष्टं होती. टिटवीच्या अंड्यांबाबत "स्मृती-आधारित नोंद प्रणाली, जबाबदार व्यक्ती: दीर" असं लिहिलं होतं. पिवळा मार्ग कुठेच नव्हता, पण सगळ्या नकाशावर फिकट पिवळी छटा दिली होती.

साहेबांनी फाईल तळहातावर तोलली. "आता कसं, काम केल्यासारखं वाटतंय."

ठेकेदार परत आला आणि स्वतः बांधलेलं तळं स्वतःच फोडून गेला. दोन्ही कामांबद्दल त्याला समाधानाचं पत्र मिळालं. सिमेंटचे तुकडे कुठे टाकायचे याविषयी आदेश नव्हता. दिरांनी ते ट्रॉलीत भरले, टँकरच्या वाटेवर नेले आणि खचलेल्या मोरीत ठोकून बसवले. मोरी दुरुस्तीचा प्रस्ताव तेव्हा तिसऱ्या टेबलावर होता. तो पुढे मंजूरही झाला आणि मोरी दुरुस्त झाल्याचं पाहून आपोआप पूर्ण झाला.

संचालकबाई ठरल्या दिवशी आल्या. दोन काटेरी झुडपांच्या मध्ये लाल फीत बांधली होती. त्यांनी ती कापली. फितीची टोकं काट्यांत अशी अडकली की ती तिथेच ठेवावी लागली. टाळ्या झाल्यावर त्यांनी काटवनाकडे पाहिलं, लव्हाळ्याकडे पाहिलं, मातीचे उतरते काठ असलेल्या डबक्याकडे पाहिलं.

"पहिला टप्पा कधी सुरू होणार?"

"सुरू आहे, बाई," आखीवराव म्हणाले.

संचालकबाईंनी आणखी एकदा निरखून पाहिलं आणि मान हलवली. "गती चांगली आहे."

इथपर्यंत सगळं निभावलं. पण सरकारात यशासारखी धोक्याची गोष्ट नाही. महिन्याभरात वरून आदेश आला की हा कार्यक्रम सगळीकडे न्यायचा आहे, त्यासाठी अडतीस अधिकाऱ्यांचं तीन दिवसांचं शिबिर मळ्यावर घ्यावं, आणि काही न करण्याचं प्रात्यक्षिक प्रत्यक्ष जागेवर, काटवनात जाऊन दाखवावं.

आखीवरावांनी आदेश वाचला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे काटवनातून जाणारे शहात्तर बूट आले. ते तसेच बस पकडून मळ्यावर गेले.

बाई वासराला बाटलीने दूध पाजत होत्या. त्यांनी आदेश ऐकून घेतला. "येऊ द्या की. फक्त जुने कपडे घालून या म्हणावं."

"ताई, ते काटवन तुडवून टाकतील."

"दमलेला माणूस काटवनात जात नाही," बाई म्हणाल्या.

शिबिराच्या पहिल्या सकाळी अडतीस जण वह्या आणि टोप्या घेऊन हजर झाले. बाईंनी त्यांच्या वह्या टोपलीत गोळा केल्या आणि हातात फावडी दिली. पहिलं सत्र गोठ्यात झालं. दुसरं गवताचे भारे माळ्याखाली रचण्याचं, तेही आवाज न करता, कारण वर घुबड झोपलेलं होतं. तिसऱ्या सत्रात चर साफ केला, एकाच बाजूने. एका उत्साही उपअधिकाऱ्याने दुसऱ्या बाजूला फावडं घातलं तेव्हा दीर त्याच्यासमोर जाऊन नुसते उभे राहिले. तो मागे सरकला. काही न करणं म्हणजे काय, हे त्या दिवशी त्या एकालाच नीट समजलं.

तिन्ही दिवस असेच गेले. बुडीत कोपऱ्याकडे जायला कुणाच्या पायांत त्राण उरलं नाही. शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांनी अभिप्राय लिहून दिले. बहुतेकांनी शिबिर अत्यंत उपयुक्त वाटल्याचं कळवलं. एकाने लिहिलं की सिद्धांत कमी ठेवला हे बरं केलं. साहेबांनी, जे स्वतः दोन तास आले होते आणि ज्यांच्या वाट्याला वासरांचा कोपरा आला होता, प्रमाणपत्रांवर सह्या केल्या.

आखीवरावांनीही तिन्ही दिवस फावडं मारलं होतं. त्यांच्या तळहातांना फोड आले होते. सगळ्यांच्या बस गेल्यावर ते गोठ्याच्या पायरीवर बसून ते फोड पाहत होते, आणि कारण नसताना त्यांना बरं वाटत होतं. दीर बादल्या घेऊन शेजारून गेले, चार पावलं पुढे जाऊन थांबले.

"रविवारी दक्षिणेकडचं गवत कापायचंय," ते म्हणाले. "मधून बाहेर. एक माणूस कमी आहे."

रविवारी आखीवराव सकाळी सहाच्या बसने गेले. बायकोने विचारलं तेव्हा त्यांनी सरकारी कामाला जातोय असं सांगितलं. तिने त्यांच्या हातात जुने बूट दिले आणि दार लावून घेतलं.